हवा धुणारा इंजिनिअर : विलिस कॅरियर यांची गोष्ट

बँकेत, सराफाच्या पेढीवर, हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये डोक्यावरच्या पांढऱ्या खोक्यावर कॅरियर हे नाव आपण कितीदा तरी वाचलेलं असतं. ते कंपनीचं नाव, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण ते एका माणसाचं आडनाव आहे. विलिस हॅविलँड कॅरियर. जगाने त्यांना थंडावा देणारा माणूस म्हणून लक्षात ठेवलं. गंमत अशी की या माणसाचं पहिलं पेटंट थंड हवेपेक्षा स्वच्छ हवेबद्दल होतं. हवेतला कचरा पाण्याने कसा धुऊन काढायचा, याचं. आज मोठमोठ्या इमारतींच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या आहेत आणि आतल्या माणसांचा श्वास एका फिल्टरवर येऊन ठेपला आहे. त्यामुळे कॅरियर यांच्या आयुष्याची ही विसरलेली बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

विलिसचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या खेड्याजवळ झाला. शेतकरी घर, एकुलतं एक पोर, भोवती सगळी मोठी माणसं. शाळेआधी आणि शाळेनंतर गाईंच्या धारा काढायच्या. आई एलिझाबेथ हुशार होती. घड्याळ बिघडलं, शिलाई मशीन बिघडलं की ती स्वतः उघडून दुरुस्त करायची. विलिसला अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा तिने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती कापून अर्धं, पाव, अष्टमांश समोर मांडून दाखवलं. अवघड गोष्ट तुकडे करून समजून घ्यायची, हा धडा तिथला. तो ११ वर्षांचा असताना आई गेली.

पुढे मंदीचे दिवस आले आणि कॉलेज लांबणीवर पडलं. त्याने काही वर्षं शाळेत शिकवलं. मग शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठ गाठलं. खर्च भागवायला लोकांच्या अंगणातलं गवत काप, भट्टीत कोळसा टाक, भागीदारीत विद्यार्थ्यांची लाँड्री चालव, असं सगळं केलं. १९०१ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी हातात पडली आणि बफेलो शहरातल्या बफेलो फोर्ज या कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर नोकरी लागली. कंपनी मोठे पंखे, हीटर, लाकूड वाळवण्याची यंत्रं असला माल बनवायची.

नोकरी लागल्या लागल्या या पोराच्या लक्षात आलं, की इथं सगळा कारभार अंदाजावर चालतो. अमुक जागा गरम करायला किती नळ्या लागतील? कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मग सगळे आपले हात राखून, जास्तीचा माल घालून मोकळे व्हायचे. विलिसने मोजमाप सुरू केलं. पंखा किती हवा ढकलतो, तिला किती अडथळा होतो, नळीवरून जाताना ती किती तापते, याचे तक्ते त्याने बनवले. एका हंगामातच कंपनीचे ४० हजार डॉलर वाचले म्हणतात. मग कंपनीने त्याला प्रयोगशाळाच काढून दिली. पुढे १९१४ मध्ये त्यांच्या संपादनाखाली फॅन इंजिनिअरिंग नावाचं जाडजूड हँडबुक निघालं. हवा पाहिजे तिथे न्यायची तर प्रत्येक वळणाला, प्रत्येक जाळीला तिची किंमत मोजावी लागते, हा त्यातला मूळ हिशेब. फिल्टरचा सगळा व्यवहार आजही यावरच चालतो.

ब्रुकलिनचा छापखाना

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, सावंतवाडीकडच्या प्रेसवाल्यांना विचारा, रंगीत काम किती छळतं ते. कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. एक रंग चढवून दुसरा चढवेपर्यंत कागद केसभर वाढलेला असतो. रजिस्ट्रेशन हलतं, देवाच्या चित्राला दोन-दोन कडा दिसायला लागतात, शाई सुकत नाही, गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत. नेमकी हीच तक्रार १९०२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याची होती. रंगीत चित्रांचं जज नावाचं साप्ताहिक ते छापायचे. बफेलो फोर्जचे विक्री पाहणारे अर्विन लाइल यांच्याकडे हे गाऱ्हाणं आलं आणि त्यांनी ते २५ वर्षांच्या कॅरियरकडे सोपवलं.

कॅरियरने आधी एक वेगळीच युक्ती करून पाहिली होती. ओलावा शोषणाऱ्या मिठाच्या, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाटासारखं कापड रुळांवरून फिरवायचं आणि त्यातून हवा काढायची. हवा कोरडी झाली, पण सोबत खारट कण घेऊन आली. लोखंडाला गंज चढेल अशी हवा छापखान्यात सोडून काय उपयोग? ती वाट त्याने सोडली. हवेतलं एक काढताना तिच्यात दुसरं काही मिसळत नाही ना, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या कामात राहिला. भिजलेल्या फिल्टरवर बुरशी धरते आणि तिचाच वास सगळ्या ऑफिसभर फिरतो, हे कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ज्यांनी सोसलंय त्यांना हा प्रश्न लगेच कळेल.

शेवटी त्याने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेण्याचा आराखडा केला. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाझर सुटतो ना, तसंच. हवेतला ओलावा नळीवर जमतो आणि हवा सुकी होऊन पुढे जाते. १७ जुलै १९०२ ही त्या नकाशांवरची तारीख. एअर कंडिशनिंगचा जन्म बहुतेक लोक याच दिवशी मानतात. वर्षभर आर्द्रता ५५ टक्के ठेवायची, हे त्यातलं मुख्य उद्दिष्ट. माणसाला गार वाटावं असं त्यात कुठेच नव्हतं. सोय कागदाची बघितली होती, कामगाराला फायदा झाला तो वरकड.

धुक्यातून आलेली कल्पना

त्याच वर्षाच्या अखेरीला एका संध्याकाळी पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर कॅरियर गाडीची वाट बघत उभे होते. दाट धुकं पडलं होतं. त्या धुक्याकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात आलं, की ही हवा ओलाव्याने पूर्ण भरलेली आहे. पण थंडी आहे म्हणून मुळात तिच्यात पाणी थोडंच मावलंय. मग आपणच यंत्रात धुकं तयार केलं तर? पाण्याचा बारीक फवारा सोडायचा, त्यातून हवा न्यायची. पाणी जितकं गार, तितकाच ओलावा हवेत शिल्लक राहील. पाण्याचं तापमान हातात आलं की हवेचा दमटपणा हातात आला. पाण्याने हवा सुकवायची, ऐकायला उलटं वाटतं. सहकाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं.

या फवाऱ्याने दुसरंही एक काम साधलं. हवेतली धूळ पाण्याच्या थेंबांना चिकटून खाली येऊ लागली. फवाऱ्यापुढे नागमोडी पत्रे उभे केलेले असत. हवा वळणं घेत पुढे सटकायची, जड थेंब मात्र वळू न शकल्याने पत्र्यावर आपटायचे आणि घाणीसकट खाली ओघळायचे. २ जानेवारी १९०६ रोजी मिळालेल्या त्यांच्या पहिल्या पेटंटचा, क्रमांक ८०८८९७, गाभा हाच. नावही साधं, हवेवर प्रक्रिया करणारं उपकरण. बाजारात त्याला एअर वॉशर म्हणू लागले. या पद्धतीचं पहिलं यंत्र १९०४ मध्ये विकलं गेलं ते कुठल्या कारखान्याला नव्हे, तर विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस नॅशनल बँकेला. बँकेला आत येणारी हवा धुऊन हवी होती, इतकंच. व्यापारी इमारतीतल्या हवेच्या सफाईसाठी कॅरियर यांच्या हातून झालेला हा पहिला व्यवहार.

हा एअर वॉशर आपल्याकडे नवीन नाही. सूतगिरणीत काम केलेल्या माणसाला ह्युमिडिफिकेशन प्लांट माहीत असतो. गोकाक, इचलकरंजी, सोलापूर, जुन्या काळचं इंदूर, या सूत-कापडाच्या गावांतल्या लोकांनी तो पाहिलेला किंवा निदान ऐकलेला असेल. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, वीज धरतो, तंतू उडतात. त्यावर फवारा, नागमोडी पत्रे आणि मागे मोठा पंखा, ही मांडणी तीच. १९०६ मध्ये कॅरियर यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागात उत्तर कॅरोलायनातल्या बेलमाँट गावच्या क्रॉनिकल मिलमध्ये ती बसवली. एअर कंडिशनिंग हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. तो त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या गिरणी इंजिनिअरने काढला. कॅरियर यांनी तो उचलला आणि त्याचा अर्थ पक्का केला. तापमान, दमटपणा, हवेचा फिरता प्रवाह आणि स्वच्छता, या चारही गोष्टी हातात असतील तरच त्याला एअर कंडिशनिंग म्हणायचं. आपल्याकडे विकताना पहिल्या गोष्टीचीच जाहिरात होते आणि चौथी मेंटेनन्सवाल्या पोरावर सोपवली जाते.

क्रिस्टल सिटीतली झोप उडवणारी रात्र

डेल कार्नेगींचं काळजी सोडून जगायला शिकवणारं १९४८ चं पुस्तक मराठीत भाषांतर होऊन स्टेशनवरच्या स्टॉलपर्यंत पोचलेलं आहे. ज्यांनी ते वाचलं असेल त्यांना सुरुवातीलाच येणारा कॅरियर नावाचा इंजिनिअर आठवेल. तो हाच. आणि ती गोष्ट सफाईच्या यंत्राचीच आहे, हे मात्र वाचताना सहसा लक्षात राहत नाही.

बफेलो फोर्जने मिसुरी राज्यातल्या क्रिस्टल सिटी इथल्या एका मोठ्या काचकारखान्यात गॅस साफ करणारं यंत्र बसवायचं काम घेतलं होतं. गॅसमधली घाण काढली नाही तर त्यावर चालणारी इंजिनं खराब होणार. पद्धत नवी होती, याआधी एकदाच आणि तीही वेगळ्या परिस्थितीत वापरलेली. कॅरियर तिथे गेले, यंत्र उभं केलं, ते चाललंही. पण कंपनीने लेखी हमी दिली होती, तेवढी सफाई काही होईना. त्यांच्या पोटात गोळा आला, झोप उडाली.

मग त्यांनी एक केलं. वाईटात वाईट काय होईल, ते सरळ कागदावर आणलं. तुरुंगात कुणी टाकणार नाही, गोळी घालणार नाही. नोकरी जाईल कदाचित, मिळेल दुसरी. कंपनीला यंत्र काढून न्यावं लागेल आणि २० हजार डॉलर बुडतील. ते मनाने मान्य केल्यावर त्यांना पुन्हा विचार करता येऊ लागला. त्यांनी चाचण्या घेतल्या, मोजमाप केलं. आणखी ५ हजार डॉलरची जोड दिली तर यंत्र हमीप्रमाणे चालेल, असं निघालं. तसं केलं. २० हजार बुडण्याऐवजी १५ हजार कंपनीच्या पदरात पडले.

कार्नेगींनी यातून मनःशांतीचा मंत्र काढला, ते ठीकच. पण या गोष्टीत दुसराही एक मुद्दा आहे आणि तो जास्त व्यवहाराचा आहे. बसवून झालं, बिल निघालं, काम संपलं, असं कॅरियर यांनी मानलं नाही. यंत्र चालतंय आणि यंत्र साफ करतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कानाला ऐकू येते. दुसरी मोजावीच लागते.

आजचा कुठल्याही इमारतीतला फिल्टर घ्या. पंखा घुंईं करतोय, गारवा येतोय, म्हणजे सगळं ठीक, असं समजतात. फिल्टर फ्रेममध्ये नीट बसला नसेल, बाजूला बोटभर फट असेल, तर हवा सोपा रस्ता धरते. फिल्टर कितीही महागाचा असू दे, ती त्या फटीतून न गाळता निघून जाते. वरून बघणाऱ्याला फिल्टर स्वच्छच दिसतो, आणि तो किती चांगला टिकलाय म्हणून कौतुकही होतं! उलट, फिल्टर गच्च भरला तर तो धूळ जास्तच पकडतो, पण हवा सोडत नाही. म्हणून फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक दाखवणारा छोटा मीटर बसवतात आणि कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्यापर्यंत तो पोचला की फिल्टर बदलतात. कॅलेंडर बघून किंवा डोळ्यांनी अंदाज घेऊन बदलणं म्हणजे कॅरियर यांच्या आधीच्या बफेलो फोर्जचा कारभार.

पैशाचा हिशेब इथेच चुकतो. समजा एका मोठ्या दुकानाच्या एएचयूतून मिनिटाला १० हजार घनफूट हवा जाते. फिल्टर भरून त्याचा अडथळा २५० पास्कल झाला आणि पंखा-मोटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर निव्वळ त्या फिल्टरमधून हवा ढकलायला सुमारे २ किलोवॅट वीज लागते. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६ हजार युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर ५४ हजार रुपये. अडथळा सरासरी १०० पास्कलवर राखला तर हेच बिल २१-२२ हजारांवर येतं. पंख्याचा वेग वाढवून हवा तितकीच ठेवली, तरचा हा हिशेब. वेग वाढवता येत नसेल तर बिल वाढत नाही, पण हवा कमी होते, कॉईलवर बर्फ धरतो आणि गिऱ्हाईक गारवा नाही म्हणून ओरडतं. फिल्टरची खरेदी किंमत कोटेशनमध्ये दिसते. ही वीज मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेली नसते.

सात जणांची कंपनी

३ डिसेंबर १९११ रोजी कॅरियर यांनी अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे हवा, उष्णता आणि ओलावा यांचं गणित मांडलं. त्यावरून आलेला सायक्रोमेट्रिक चार्ट पॉलिटेक्निकच्या पोरांना आजही परीक्षेला असतो. कीर्ती झाली, कामं आली. औषधाच्या कॅप्सूल, रेशीम, फिल्म, दाढीची पाती, जिथे जिथे ओलाव्याने माल नासतो तिथून बोलावणं येऊ लागलं. घरी मात्र दुःख होतं. १९०२ मध्ये लग्न झालेली पत्नी क्लेअर १९१२ मध्ये वारली. पुढच्या वर्षी जेनी मार्टिन यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

१९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि बफेलो फोर्जने हात आखडता घेतला. आपण फक्त माल बनवायचा, ही हवेची इंजिनिअरिंग शाखा बंद. कॅरियर आणि लाइल यांची नोकरी शाबूत राहणार होती, बाकीच्या तरुणांना नारळ. दोघांना ते पटलं नाही. २६ जून १९१५ रोजी सात इंजिनिअरांनी मिळून ३२ हजार ६०० डॉलर उभे केले आणि कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. चालू नोकरी सोडून, युद्धाच्या दिवसांत, स्वतःची बचत घालून. घरच्यांनी काय म्हटलं असेल ते आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको.

कंपनी तगली आणि १९२२ मध्ये त्यांनी सेंट्रिफ्युगल चिलर लोकांपुढे आणला. तोवरची शीतयंत्रं अवाढव्य असत आणि त्यांत विषारी अमोनिया असे. त्यामुळे गर्दीच्या जागी ती लावायला भीती वाटे. नवं यंत्र आटोपशीर आणि पुष्कळच सुरक्षित होतं. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या जे. एल. हडसन या मोठ्या दुकानाच्या तळघरासाठी असे तीन चिलर बसले. तळघरात स्वस्त मालाचा सेल लागला की गर्दीने बायका चक्कर येऊन पडत. यंत्रं बसल्यावर त्याच तळघरात गिऱ्हाईक रमू लागलं.

मग १९२५ मधलं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं रिव्होली थिएटर. परवानगी देणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याची समजूत पटेना. तेव्हा कॅरियर यांनी शीतद्रव्य भांड्यात ओतून त्यात पेटती काडी टाकून दाखवली. ते भडकलं नाही, हळूहळू जळलं. परवानगी मिळाली. मे अखेरच्या सुट्टीत उद्घाटन झालं. बाहेर उकाडा, आत खचाखच गर्दी, बायकांच्या हातात पंखे. यंत्र सुरू व्हायला थोडा उशीर झाला आणि पडदा उघडला तरी हॉल तापलेलाच. पॅरामाउंटचे मालक ॲडॉल्फ झुकोर वर बाल्कनीत बसून बघत होते. हळूहळू एकेक पंखा थांबत गेला. शेवटी झुकोरही पसंतीची मान हलवून गेले. त्यानंतरच्या पाच वर्षांत शेकडो थिएटरं गार झाली. १९२८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची २१ मजली मायलम बिल्डिंग पूर्ण वातानुकूलित अशी पहिली उंच ऑफिस इमारत ठरली.

पाण्याने न गेलेली धूळ

इथून पुढे खिडक्या बंद होत गेल्या आणि सफाईचा प्रश्न मोठा झाला. पाण्याचा फवारा जाड धूळ, कापसाचे तंतू छान काढतो. काजळी, तेलकट धूर, अगदी बारीक कण मात्र त्याला फारसे जुमानत नाहीत. मोटारगाड्यांच्या शहरात हाच कचरा जास्त. शिवाय धुणारं पाणीच घाण झालं, तर ते हवेला काय धुणार? टाकी साफ करा, नोझल मोकळे करा, पाणी बदला, हे कायमचं मागे लागलेलं काम. म्हणून ऑफिसांत कोरडे, तंतूंचे फिल्टर आले. १९३० च्या दशकात काचेच्या तंतूंचे वापरून फेकायचे फिल्टर बाजारात पसरले. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी झालेल्या कामातून आज हेपा म्हणून ओळखले जाणारे अतिबारीक फिल्टर आले. गोव्यातल्या औषध कारखान्यांच्या स्वच्छ खोल्या आणि हॉस्पिटलांची ऑपरेशन थिएटरं त्यांच्यावरच चालतात.

कॅरियर स्वतः १९२७ मध्ये रेफ्रिजरेशन इंजिनिअरांच्या आणि १९३१ मध्ये हीटिंग-व्हेंटिलेटिंग इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेचे अध्यक्ष होते. या दोन संस्था १९५९ मध्ये एक होऊन ॲश्रे ही संस्था झाली. फिल्टरच्या खोक्यावर मर्व्ह ८, मर्व्ह १३ असे जे आकडे असतात, ती १ ते १६ ची मोजपट्टी याच संस्थेची. म्हणजे फिल्टर निवडताना आपण नकळत कॅरियर यांच्याच घराण्याची फूटपट्टी वापरतो.

ती वाचायला अवघड नाही. मर्व्ह ८ म्हणजे ३ ते १० मायक्रॉनचे कण निदान ७० टक्के अडणार. रस्त्यावरची धूळ, परागकण झाले, कॉईलचंही रक्षण झालं. धुरातले बारीक कण मात्र आरामात आत. मर्व्ह १३ म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनचेही निम्मे तरी अडणार. कोविडनंतर ऑफिस-शाळांसाठी या संस्थेने हीच पायरी सुचवली होती. मग सगळीकडे सर्वांत बारीक फिल्टर का नको? कारण जुन्या पंख्यात तेवढी ताकद नसते. क्रशरच्या धुळीतल्या शोरूमला, लाकडाच्या वखारीशेजारच्या बँकेला आणि पणजीच्या समुद्रकाठच्या हॉटेलला एकच फिल्टर चालणार नाही. बाहेरची हवा कशी, आत माणसं कोण, पंखा किती ओढू शकतो, हे आधी बघावं लागतं. पुढे जाड फिल्टर लावला की मागचा महाग बारीक फिल्टर जास्त टिकतो. धुण्याजोगी जाळी धुवावी, पण प्रेशर जेटने नव्हे आणि पूर्ण वाळवल्याशिवाय परत लावू नये. बारीक फिल्टर तर धुवायचाच नसतो. धुतला की दिसायला नवा होतो आणि गाळायचं सोडून देतो. आपल्याकडे पैसे वाचवायला हा उद्योग सर्रास चालतो.

१९२९ च्या मंदीने कॅरियर यांची कंपनी बुडता बुडता राहिली. १९३० मध्ये ती दुसऱ्या दोन कंपन्यांशी जोडली गेली आणि १९३७ मध्ये सगळा कारभार सिरॅक्यूज शहरात हलला. याच सुमारास त्यांनी गगनचुंबी इमारतींसाठी अरुंद नळ्यांतून वेगाने हवा नेऊन प्रत्येक खिडकीखालच्या युनिटला पोचवायची पद्धत बसवली, म्हणजे भाड्याची जागा नळ्यांत वाया जायला नको. १९३९ मध्ये जेनी गेल्या. १९४१ मध्ये एलिझाबेथ वाइज यांच्याशी त्यांनी तिसरं लग्न केलं. दोन मुलगे होते, व्हर्नन आणि अर्ल, दोघेही दत्तक. माणूस कमालीचा विसराळू. प्रवासाला निघून बॅग उघडली तर आत नुसता हातरुमाल, असाही किस्सा सांगतात. आकडे मात्र कधी विसरले नाहीत. युद्धकाळात क्लीव्हलँडला विमानांच्या चाचणीसाठी उंच आकाशातली हवा जमिनीवर तयार करायची होती, उणे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत गार आणि तीही प्रचंड प्रमाणात. ते शीतयंत्र त्यांनी बसवून दिलं. आपल्या कामांत त्यांना याचा फार अभिमान होता.

त्यानंतर हृदयाने साथ सोडायला सुरुवात केली आणि त्यांना काम कमी करावं लागलं. ७ ऑक्टोबर १९५० रोजी, ७४ वा वाढदिवस दीड महिन्यावर असताना, ते गेले. घराघरांतल्या खिडकीत एसी दिसण्याचे दिवस तेव्हा अमेरिकेतही नुकतेच कुठे सुरू होत होते. जिथे १० डॉलरच्या पगारावर सुरुवात केली, त्याच बफेलोच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांना पुरलं.